आभाळांतला हिंवाळा

कोल्हापूरकराला थंडी म्हणजे काय तें ठाऊक आहे, असें म्हणणें धाडसाचें होईल. पौषांत भल्या पहांटे पंचगंगेच्या घाटावर गेलेला माणूस दांत वाजवीत परततो, रंकाळ्याच्या कांठीं फेरी मारणारे वृद्ध गृहस्थ कानटोपी घालतात, आणि रात्रीं गुऱ्हाळाच्या चुलाणाजवळ बसणें सुखाचें वाटतें. येथील हिंवाळ्याची मजल एवढीच. पावसाचें मात्र तसें नाहीं. तो आला म्हणजे चार महिने मुक्कामास राहतो, आणि पेटींतल्या चामड्याच्या पट्ट्यावरहि हिरवट बुरशी चढवून जातो. अशा गांवांत कोणी मेंढीच्या कातड्याचें, आंतून दाट लोकर असलेलें, खांद्याला ओढ बसेल इतकें जड जाकीट कपाटांत जपून ठेवूं लागला, तर शेजारीपाजारी त्याच्याकडे काळजीच्या नजरेनेंच पाहणार!

परंतु श्रोतेहो, हा छंद जगांत आहे, आणि थोडाथोडका नाहीं. दोन्ही महायुद्धांतील वैमानिकांनीं आभाळांतल्या थंडीपासून जीव वाचविण्यासाठीं अंगावर चढविलेले पोशाख जमविणारे लोक इंग्लंड, अमेरिका, जपान या देशांत पुष्कळ आहेत. चामडी टोप्या, गॉगल, कातड्याचीं जाकिटें, लोकरीच्या अस्तराचे उंच बूट, एकावर एक चढवावयाचे हातमोजे, विजेच्या तारा शिवलेले अंगरखे, असा त्यांचा ऐवज असतो. नाणीं व तिकिटें जमविणारा मनुष्य समाजाच्या परिचयाचा आहे. शस्त्रांची आवड तर कोल्हापूरला नवी नाहीं. नव्या राजवाड्यांतील शहाजी छत्रपति संग्रहालयांत तलवारी आहेत, बंदुका आहेत, पेंढा भरलेलीं जनावरें आहेत. तीं पाहावयास मुलेंबाळें घेऊन लोक जातात. मग एका जुन्या जाकिटांत पाहण्याजोगें काय आहे, असा प्रश्न कोणीहि विचारील. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं थोडें आकाशांत चढावें लागतें.

वर जावें तसतशी हवा थंड होत जाते, हें शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें. किती थंड होते, याचा हिशेब मात्र फारसा कोणी करीत नाहीं. साधारणपणें दर हजार मीटर उंचीस साडेसहा अंश सेंटिग्रेड उष्णता कमी होते. कोल्हापुराहून पन्हाळ्यास गेलें कीं माणूस सुमारें चारशें मीटर वर चढतो. म्हणजे फरक अडीच अंशांचा, आणि तेवढ्यावरच पन्हाळ्याच्या हवेची एवढी कीर्ति! वीस हजार फूट म्हणजे सहा हजार मीटरांहून थोडें अधिक. खालीं पंधरा अंश उष्णता असली, तर त्या उंचीवर ती शून्याच्या खालीं चोवीस-पंचवीस अंशांवर गेलेली असते. हा झाला स्थिर हवेचा हिशेब. पहिल्या महायुद्धांतील विमान वरून उघडें. त्यांत बसलेल्याच्या तोंडावर ताशीं शंभर मैलांचा वारा आदळे. बर्फाच्या घरांत पंख्याखालीं बसून दोन तास काढावयाचे, आणि त्याच वेळीं कोणी बंदुकीचा नेम धरून मागें लागलेला असावयाचा, असा तो प्रसंग होता.

या थंडीवर उपाय काय? धनगराला विचारलें तर तो खांद्यावरची घोंगडी दाखवील, आणि त्याचें उत्तर अगदीं शास्त्रशुद्ध ठरेल. लोकर स्वतः कांहीं ऊब निर्माण करीत नाहीं. तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून बसते, ती हलत नाहीं, आणि न हलणारी हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. पट्टणकोडोलीच्या यात्रेंत जमणाऱ्या धनगरांच्या घोंगड्यांत आणि ब्रिटिश वैमानिकाच्या जाकिटांत तत्त्वाचा फरक मुळींच नाहीं. फरक वाऱ्याचा आहे. वाऱ्याचा झोत ही अडकलेली हवा पिटाळून लावतो. म्हणून लोकरीच्या बाहेर वारा शिरणार नाहीं असा एखादा थर हवा. मेंढीचें कातडें लोकरीसकट कमावलें आणि लोकर आंत, कातडें बाहेर असें उलटें घातलें, कीं हीं दोन्ही कामें एकाच वस्तूनें होतात.

एवढी साधी गोष्ट सुचावयास युद्धांतल्या लोकांना बराच काळ लागला. आरंभीं वैमानिक घरून आणलेले कोट, गळपट्टे, बायकामाणसांनीं विणून पाठविलेले स्वेटर, जें मिळेल तें अंगावर चढवीत. चेहऱ्यावर देवमाशाची चरबी फांसण्याची चाल होती. तिचा वास कसा असे हें सांगण्याची जरुरी नाहीं. ब्रिटिश वैमानिक मेजर लेनो हॉकर यानें मांडीपर्यंत येणारे मेंढीच्या कातड्याचे बूट प्रचारांत आणले, असें सांगतात. त्याला शत्रूनें नोव्हेंबर १९१६ मध्यें पाडलें, पण त्याचे बूट युद्धाच्या अखेरपर्यंत चालले. त्याच सुमाराचा दुसरा शोध अधिक मजेदार आहे. सिडनी कॉटन नांवाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण ब्रिटिश आरमाराच्या विमानदळांत होता. एके दिवशीं यंत्राची दुरुस्ती करीत असतां अचानक उड्डाणाची वेळ आली, आणि तेल-वंगणानें माखलेल्या कामाच्या कपड्यांतच तो विमानांत चढला. खालीं उतरल्यावर सोबती कुडकुडत होते, आणि हा मात्र ठीक होता! तेलानें कापडाचीं छिद्रें बुजलीं, म्हणून वारा आंत शिरला नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आलें. त्यानें लंडनच्या शिंप्याकडून आंत फर, मध्यें हवा न जाऊं देणारें रेशीम आणि बाहेर घट्ट विणीचें कापड असा पायघोळ एकसंध पोशाख शिववून घेतला. त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें जुळवून त्याला ‘सिडकॉट’ म्हणूं लागले, आणि सुधारणा होत होत हा पोशाख दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकला. मराठी माणसाला या कॉटनची आणखी एक ओळख आहे, जरी ती फारशी स्मरणांत नसली. १९४८ सालीं निजामाच्या हैदराबादेंत रात्रीं-बेरात्रीं विमानांतून चोरून शस्त्रें उतरविणारा तो हाच. थंडीनें मरणाऱ्यांना ऊब देणारा आणि हैदराबादच्या आगींत तेल ओतणारा हात एकच असावा, हा इतिहासाचा विक्षिप्तपणा आहे.

पण हे सारे परदेशी लोक. आपल्याकडील कोणी त्या काळीं त्या उंचीवर गेलें होतें काय? गेलें होतें, आणि त्यांत एक मराठी नांव आहे. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर हा तरुण पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश विमानदळांत लढाऊ वैमानिक झाला. हिंदी माणसाला अधिकारपदावर वैमानिक म्हणून घेण्यास त्या काळचे अधिकारी नाखूष असत. हरदितसिंग मलिक याला आधीं फ्रेंचांच्या रेडक्रॉसची गाडी हांकावी लागली, आणि ऑक्सफर्डमधील त्याच्या गुरूनें रदबदली केली तेव्हां १९१७ सालीं कोठें त्याचा प्रवेश झाला. इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि वेलिणकर हे त्याच मोजक्या तरुणांपैकीं. वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनमध्यें डॉल्फिन जातीचें विमान चालवीत असे.

हें डॉल्फिन विमान थंडीच्या दृष्टीनें मोठें चमत्कारिक होतें. त्याचें यंत्र पाण्यानें थंड होणारें. तें तापलेलें पाणी बसण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंनीं नळ्यांतून फिरे, त्यामुळें वैमानिकाचें अंग व पाय उबेंत राहत. परंतु वरच्या पंखांच्या मध्यें मोकळी चौकट ठेवलेली असे, आणि वैमानिकाचें डोकें त्या चौकटींतून थेट वर निघालेलें असे. दृष्टि चौफेर जाई, म्हणून युद्धांत ती रचना उपयोगी; पण कान, नाक, कपाळ सगळें वाऱ्याच्या स्वाधीन. शेकोटीजवळ बसावें आणि डोकें खिडकींतून बाहेर काढावें, तशी स्थिति. अशा विमानांतील माणसाला जाड बुटांपेक्षां फरचें अस्तर लावलेल्या टोपीची आणि गॉगलची गरज किती अधिक असेल, हें सहज समजण्यासारखें आहे. संग्राहकाला ही बारीक माहिती असावी लागते. डॉल्फिनच्या वैमानिकाचा म्हणून कोणी मांडीपर्यंतचे प्रचंड बूट विकावयास आणले, तर त्यानें एकदां थबकून विचार केला पाहिजे.

जून १९१८ मध्यें गस्तीवर गेलेला वेलिणकर परतला नाहीं. तो जर्मनांच्या हातीं सांपडला होता, आणि ३० जून रोजीं जखमांनीं त्याचा अंत झाला. फ्रान्समध्यें सोम नदीच्या मुलुखांत हांगार्द येथील दफनभूमींत त्याची कबर आहे. मुंबईच्या उकाड्यांत वाढलेल्या या तरुणाला युरोपच्या आभाळांतील पहिली थंडी कशी वाटली असेल, त्यानें कोणती टोपी घातली असेल, हातमोजे सरकारी असतील कीं स्वतः पैसे खर्चून घेतलेले, हें कळावयास एखादी वस्तु हवी. तशी वस्तु हातीं असती, तर पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला त्याचें नांव पाठ करण्याचें कारण पडलें नसतें. तें आपोआप लक्षांत राहिलें असतें. मलिकच्या बाबतींत निदान एवढें तरी ठाऊक आहे कीं, त्यानें पगडी सोडण्यास नकार दिला आणि पगडीवर बसेल अशी मोठी टोपी खास करवून घेतली. सरकारी नमुन्याच्या बाहेरची ती एक टोपी शंभर सरकारी टोप्यांहून अधिक बोलकी आहे.

दोन युद्धांच्या मधल्या काळाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. हिंदी विमानदळाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं झाली, आणि त्याचीं पहिलीं वापिटी विमानें उघडींच होतीं. १९३७ पासून वझीरिस्तानच्या डोंगरांवर उडतांना तेथील हिंवाळा हिंदी वैमानिकांनीं चांगलाच अनुभवला. कोल्हापुरांत राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत १९३९ सालीं विमानतळ झाला. उजळाईवाडीच्या माळावर विमान उतरतांना पाहावयास लोक जमत, तेव्हां युरोपांत दुसऱ्या युद्धाची तयारी चाललेली होती.

त्या युद्धांत लेस्ली अर्व्हिन हें नांव घरोघर झालें. हा मूळचा अमेरिकन. १९१९ सालीं विमानांतून उडी घेऊन स्वतः दोरी ओढून उघडावयाची हवाई छत्री त्यानें स्वतःवर आजमावून पाहिली, आणि पुढें इंग्लंडांत लेचवर्थ गांवीं छत्र्यांचा कारखाना काढला. मेंढीच्या कातड्याचें जें जाकीट आज ‘अर्व्हिन’ म्हणून ओळखलें जातें, तें त्याचेंच. रुंद कॉलर, बाह्यांना मनगटापासून वर जाणाऱ्या झिपा, कंबरेला पट्टा. आरंभीं तें मोठमोठ्या अखंड कातड्यांचें बेतीत. युद्ध लांबलें, कातड्यांची टंचाई झाली, तसे लहान लहान तुकडे जोडून शिवूं लागले. कोणतें जाकीट केव्हांचें, हें त्याच्या सांध्यांवरून ओळखतां येतें. चणचणीची निशाणी संग्राहकाच्या उपयोगीं पडते, ती अशी.

बाँबफेकी विमानांत थंडीचें वाटप फार अन्यायाचें असे. लँकेस्टर विमानांत गरम हवेचा झोत बिनतारी यंत्र चालविणाऱ्याच्या जवळ येई. तो बिचारा घामाघूम, आणि शेपटीकडील तोफची गोठलेला. या शेपटीच्या तोफच्याची जागा म्हणजे एक फिरता पिंजरा. धुक्यानें व तेलानें कांच मळली तर शत्रूचें विमान दिसत नसे, म्हणून कित्येकांनीं समोरची कांच काढूनच टाकली, आणि शून्याखालीं तीस-चाळीस अंशांची हवा तोंडावर घेत सहा-सहा, आठ-आठ तास काढले. त्याच्या हातांत रेशमी मोजे, त्यावर लोकरीचे, त्यावर विजेच्या तारांचे, आणि सर्वांवर चामड्याचे असत. उघड्या बोटानें बंदुकीच्या लोखंडाला स्पर्श केला, तर कातडी तेथेंच चिकटून राही. त्याच्यासाठीं केलेला पिवळा जाड पोशाख, समुद्रांत पडल्यास तरंगावें म्हणून आंत सावरीसारखा कापूस भरलेला, आज फार दुर्मिळ आहे.

याच लँकेस्टर विमानांतून शैलेंद्र एकनाथ सुकथनकर हा हिंदी विमानदळाचा अधिकारी नेव्हिगेटर म्हणून जर्मनीवर गेला. आडनांव ऐकतांच कोणाहि मराठी घराला तें आपलें वाटेल. त्याचें ८३ वें स्क्वाड्रन पुढें जाऊन लक्ष्यावर खुणेचे दिवे टाकणाऱ्या पथकांपैकीं होतें, आणि त्याच्या कामगिरीबद्दल त्याला डी. एफ. सी. हें पदक मिळालें. नेव्हिगेटरचें काम पेन्सिल, नकाशा आणि घड्याळ यांचें. जाड मोजे घालून पेन्सिल धरतां येत नाहीं, आणि मोजे काढले तर बोटें बधिर होतात. बोटें बधिर झालीं तर रेघ चुकते, आणि रेघ चुकली तर सात माणसें वाट चुकतात. म्हणून नेव्हिगेटरचे पातळ रेशमी आंतले मोजे ही संग्रहांत सर्वांत क्षुल्लक दिसणारी वस्तु खरोखर क्षुल्लक नाहीं. ८३ व्या स्क्वाड्रनमध्यें वापरलेलें एक लँकेस्टर विमान, आर ५८६८ क्रमांकाचें, लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयांत आजहि उभें आहे. त्याच्या पोटांत शिरावयास किती अरुंद जागा आहे, हें पाहिल्यावर तेवढे जाड कपडे घालून माणसें आंत कशीं वावरत असतील, याचें नवल वाटतें.

अमेरिकनांनीं विजेवर अधिक भरंवसा ठेवला. त्यांचा पहिला निळा विजेचा पोशाख सशाच्या सोंगासारखा दिसे, म्हणून शिपायांनीं त्याचें नांवहि निळा ससा असेंच ठेविलें. त्याच्या तारा एका सरळ ओळींत जोडलेल्या. एके ठिकाणीं तार तुटली कीं सगळा पोशाख थंड! पुढच्या नमुन्यांत ती चूक सुधारली. इंग्लंडांतून उडणाऱ्या अमेरिकन बाँबर दळांत पहिल्या वर्ष-सव्वा वर्षांत हिमदंशानें निकामी झालेल्यांची संख्या शत्रूच्या माऱ्यानें जखमी झालेल्यांहून अधिक होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे तुटक्या तारेचें महत्त्व कळतें.

हिंदुस्थानांत असलें सामान कमी सांपडतें, याचें कारण उघड आहे. ब्रह्मदेशच्या आघाडीवर वैमानिक खाकी सुती टोपी आणि पातळ कपडे वापरीत. तरी आसामांतून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनकडे सामान नेणाऱ्या अमेरिकन वैमानिकांना जाड पोशाख लागत, आणि त्यांच्या जाकिटांवर एक विशेष गोष्ट दिसते. चीन, ब्रह्मदेश व हिंदुस्थान या युद्धक्षेत्राचें चिन्ह त्यांना हवें असे. तें कलकत्त्यासारख्या शहरांतील बाजारांत बसलेले कारागीर रंगीत चामड्याचे तुकडे कापून, हातानें शिवून देत. एकहि चिन्ह दुसऱ्यासारखें नसे. आज अमेरिकेंतील लिलावांत अशा जाकिटाला जी मोठी किंमत येते, तिच्यांत त्या हिंदी हाताचा वाटा किती, हा प्रश्न कोणी काढीत नाहीं. चपलेच्या पट्ट्यावर वेणी घालणाऱ्या कारागिरांच्या गांवाला तरी तो सुचावयास हरकत नाहीं. लढाई संपल्यावर उरलेलें लष्करी सामान डिस्पोझलमध्यें निघालें, आणि मोटारसायकलवाल्यांनीं, ट्रकवाल्यांनीं तें वापरून फाडलें. वापरून फाडलें यांत वाईट कांहींच नाहीं. तें त्यासाठींच केलेलें होतें. मात्र १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईंत आपल्या स्वतंत्र देशाचे वैमानिक काय घालून उडाले, हें सांगणाऱ्या वस्तूहि त्याच वाटेनें गेल्या. मेहरसिंग यांनीं २४ मे १९४८ रोजीं डाकोटा विमान प्रथम लेहला उतरविलें. त्या विमानाला दाब राखण्याची सोय नव्हती, आणि वाटेंत हिमालयाचीं शिखरें होतीं. पुढें विमानदळाचे प्रमुख झालेले हृषीकेश मुळगांवकर त्याच लढाईंतले. या लोकांच्या बुटांचा, हातमोज्यांचा एखादा जोड अजून एखाद्या घरीं माळ्यावर असेल, तर तो भंगारवाल्याच्या हातीं जाण्यापूर्वीं घरांतील थोरांना विचारून त्यावर एक चिठ्ठी बांधण्यास पांच मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाहीं.

थंडीच्या कपड्यांची गोष्ट निघाली असतां कोल्हापूरला जवळच्या वळिवड्याची आठवण टाळतां येत नाहीं. १९४३ ते १९४८ या काळांत तेथील छावणींत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक बायका, मुलें आणि वृद्ध. रशियनांनीं १९४०-४१ मध्यें त्यांना सैबेरिया व कझाकस्तानांत नेऊन टाकलें होतें. तेथील हिंवाळा त्यांनीं आभाळांत न जातां जमिनीवरच सोसला, आणि तोहि कापूस भरलेल्या फाटक्या डगल्यांवर. १९४२ मध्यें सुटका होऊन कास्पियन समुद्राच्या इराणी किनाऱ्यावर उतरतांच उवा व ज्वराच्या भीतीनें त्यांचे कपडे जाळण्यांत आले. त्यांचेच देशबांधव त्या वेळीं ब्रिटिश विमानदळाच्या पोलिश स्क्वाड्रनांत अर्व्हिन जाकिटें घालून उडत होते. त्या जाकिटांना आज संग्राहक सोन्याच्या भावानें घेतात. सैबेरियांतील डगल्यांची मात्र राख झाली. संग्रह म्हणजे इतिहास असें मानणाऱ्यानें ही तफावत ध्यानांत ठेवलेली बरी. जें टिकाऊ होतें, सरकारी होतें, देखणें होतें, तेवढेंच हातीं येतें.

आणि जें हातीं येतें तेंहि खरें असतेंच असें नाहीं. गेल्या कित्येक दशकांत अशा जाकिटांच्या नकला अनेक देशांत होत आहेत. उघडपणें नवी नक्कल म्हणून विकणारा प्रामाणिक. ती घांसून, उन्हांत टाकून, चहाच्या पाण्यांत बुडवून जुनी म्हणून विकणारा तसा नव्हे. ओळखण्याच्या खुणा आहेत. ब्रिटिश वस्तूवर राजमुकुट आणि ‘ए. एम.’ हीं अक्षरें असतात, उड्डाणवस्त्रांचा क्रमांक २२ सी नें सुरू होतो. झिपेवर त्या काळच्या कारखान्याचें नांव असावें लागतें. अंधारांत जांभळ्यापलीकडील किरणांचा दिवा धरला, तर आजकालचा कृत्रिम दोरा बहुधा निळसर पांढरा चमकतो. जुना सुती दोरा तसा चमकत नाहीं. सर्वांत मोठी फसवणूक मात्र दोऱ्यांत नसते. जाकीट अस्सल, पण त्यावर एखाद्या नामांकित, विशेषतः मारल्या गेलेल्या वैमानिकाचें नांव मागाहून शाईनें लिहिलेलें, असा प्रकार घडतो. नांव आलें कीं किंमत अनेकपट होते. मेलेल्या माणसाचें नांव असें भाड्यानें वापरणें हा निव्वळ व्यापारी लबाडीहून हलका अपराध म्हणतां येणार नाहीं. कागदपत्र, छायाचित्र किंवा घरच्या माणसाची लेखी हकीकत नसेल, तर अंगावरचें नांव नाहींच असें धरून वस्तूची किंमत करावी, हा जाणत्या संग्राहकांचा दंडक आहे.

आतां राहिला कोल्हापूरच्या पावसाचा प्रश्न, आणि तो कोणत्याहि लबाड व्यापाऱ्याहून अधिक चिवट आहे. हवेंतील ओलावा शेंकडा पासष्टाच्या वर राहूं लागला कीं बुरशीला निमंत्रण मिळतें. कोल्हापुरांत आषाढ-श्रावणांत तो सहज त्याहून वर असतो. येथील चपलांचें चामडें हिरडा व बाभळीची साल यांनीं कमावतात, आणि त्याला तेल पाजणें ही घरोघरची रीत आहे. तीच रीत जुन्या जाकिटाला लावण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा. तेलानें जुनें कातडें काळें पडतें, शिवण कुजते, धूळ चिकटते, आणि पितळी झिपेवर हिरवा चिकट थर चढतो. अमेरिकन मेंढीच्या जाकिटांवर बाहेरून एक रंगीत लेप असे. तो तडकून पापुद्रे निघत असतील तर तेलानें अधिकच सुटतो. जड जाकीट खुंटीला टांगलें कीं त्याच्याच भारानें खांद्याचे टांके उसवतात. तें आडवें ठेवून बाह्यांत आम्ल नसलेल्या कागदाचे बोळे भरावे. प्लास्टिकच्या पिशवींत बंद केल्यास आंतल्या आंत घाम सुटतो. धुतलेल्या जुन्या धोतराचें पांघरूण उत्तम. जुन्या गॉगलांच्या कांहीं कांचा खरोखर कांचेच्या नसून सेल्युलॉइडच्या असतात. त्या पिवळ्या पडून वाफ सोडतात आणि शेजारचें चामडें व धातु खातात, म्हणून त्या वेगळ्या डब्यांत हव्या. मनगटाच्या होकायंत्रावर अंधारांत चमकणारा रेडियमचा रंग असेल तर तें उघडूं नये, खरवडूं नये, मुलांच्या हातीं देऊं नये. चमक गेली तरी त्यांतील रेडियम जात नाहीं.

लोकरीला लागणारी कसर हा शेवटचा शत्रु. डांबराच्या गोळ्यांचा वास माणसालाहि बाधतो. संग्रहालयांतील अलीकडची रीत अशी कीं, वस्तु प्लास्टिकमध्यें घट्ट गुंडाळून शून्याखालीं वीस अंशांच्या शीतपेटींत आठ-पंधरा दिवस ठेवावी; अंडीं-अळ्यांसकट कीड मरते. मग ती बाहेर काढून, न उघडतां, एक अहोरात्र खोलीच्या उष्णतेवर येऊं द्यावी, नाहीं तर हवेंतील दंव लोकरींत शिरतें. वीस हजार फुटांवरची थंडी अशी कोल्हापुरांतल्या एखाद्या स्वयंपाकघरांत पुन्हां त्या जाकिटाच्या वाट्याला येते. पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या सुमारास कोरडी हवा सुटली म्हणजे, घरांतल्या रेशमी साड्या व शालींबरोबर तें सावलींत पसरावें, मऊ कुंचल्यानें लोकर उलगडावी, खिसे तपासावे. खिशांत कांहीं सांपडलें, तर तें काढण्यापूर्वीं कोणत्या खिशांत होतें तें लिहून ठेवावें.